गुहेतला अंतर्यामी

नव्या पार्कातल्या गुहेतून एक बाई डोळे पुसत बाहेर आली आणि रांगेतल्या माणसांनी तिला घेरलं. हुंदक्यांमुळे तिला बोलवेना. शेवटी तिच्या नवऱ्यानेच सांगितलं, की अंतर्यामींनी त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचा रंग ओळखला, आणि त्याचा एक कान फाटका होता हेही. रांगेतून एक लांबलचक 'अहाहा' उठलं. माझ्या मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्या साडूचा हरवलेला पासपोर्टही असाच सापडला, अंतर्यामींच्या कृपेने. कुठे सापडला, असं मी विचारलं. कपाटात, म्हणाले. कपाटातला पासपोर्ट शोधायला आधी गुहेत जावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या शेजारी माझी भाची उभी होती. बारा वर्षांची, जागेवर न ठरणारी, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. मी रांगेत गप्पा ऐकत होतो खरा, पण माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे होतं. त्या हाताला मधूनच झटका येतो का, ते मी सकाळपासून बघत होतो.

आम्ही तिथे का उभे होतो ते सांगतो.

आमच्या गावाबाहेर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मोठी करमणुकीची पार्कं आहेत. एक जुनं, एक नवं. दोघांचे पाळणे सारखेच उंच आणि दोघांच्या घसरगुंड्या सारख्याच ओल्या, त्यामुळे भांडण लागलं ते पाहुणचारावरून. जुन्याने उन्हात छत्र्या दिल्या, तर नव्याने छत्री धरायला माणूस दिला. जुन्याने दारात वाकून नमस्कार सुरू केला, तर नव्याचे लोक इतके वाकू लागले की पाहुण्यांना वाटे, यांचं काहीतरी खाली पडलंय. जुन्या पार्कातला हा सगळा पाहुणचार माझी धाकटी बहीण, म्हणजे भिंगरीची आई, बघते. चाळिशी उलटली तरी मी तिला छकुलीच म्हणतो. तिच्या हाताखालची पोरं मात्र तिला चळचळ कापतात. पाहुण्याशी बोलताना खिशात हात नको, पाहुण्याला घरगुती चौकशा नकोत, हे तिचे नियम.

नव्या पार्काने गुहा बांधली आणि त्यात अंतर्यामी बसवला, तेव्हापासून जुनं पार्क ओस पडलं. डोळ्यांवर काळा फडका बांधलेला हा माणूस समोर उभं राहणाऱ्याला हात न लावता, एक शब्द न विचारता, त्याचं मन वाचतो अशी ख्याती झाली. छकुलीच्या मालकाने तिला बोलावून सांगितलं, जा, बघून ये काय भानगड आहे, आणि जमलं तर आपल्यासाठीही एक शोध. छकुली गुरुवारी साधी पाहुणी बनून, तिकीट काढून गेली. गेली हेर म्हणून आणि परत आली भक्त होऊन.

कारण अंतर्यामीने तिला सांगितलं होतं, "माई, तुझं लेकरू पडतं. अंग ताठ होतं, डोळे फिरतात. ज्या गोळ्या तू देतेस, त्याच तिला बांधून ठेवतायत. सोड त्या गोळ्या. पोर मोकळी होईल."

भिंगरीला लहानपणापासून आकडी येते. योग्य गोळ्या लागू पडल्यापासून दोन वर्षं एकही आलेली नव्हती. ही गोष्ट घरात तिघांना आणि डॉक्टरांना ठाऊक. छकुलीने ती नोकरीच्या ठिकाणीसुद्धा कुणाला कळू दिली नव्हती. मग डोळे बांधलेल्या परक्या माणसाला कशी कळली? या एका प्रश्नापुढे तिची सगळी हुशारी हात टेकून बसली, आणि गुरुवार रात्रीपासून गोळ्या बंद झाल्या.

मला हे शनिवारी सकाळी कळलं, तेही भिंगरीच्या हातातला दुधाचा पेला उडाला म्हणून. पेला निसटला नाही, हाताला झटका बसून उडाला. मी छकुलीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली आणि मग सगळं सांगितलं. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवरच कपाळाला हात लावला असावा. या गोळ्या अशा एकाएकी बंद केल्या तर आकड्यांवर आकड्या येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, आत्ताच्या आत्ता गोळी द्या, म्हणाले. मी फोन छकुलीच्या कानाला लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरांना दोन वर्षं विचारतेय पोर कधी बरी होणार, तर म्हणतात बघू. अंतर्यामींनी तर न विचारता सांगितलं, दादा."

आईच्या काळजीशी वाद घालून काही होत नाही, हे मी शाळेत शिकवताना शिकलो होतो. तिला चिडवून उपयोग नव्हता आणि थांबायला वेळ नव्हता. मी म्हटलं, चल, आत्ता माझ्याबरोबर चल. तो खरा निघाला तर या गोळ्या मी स्वतः गटारात टाकीन. खोटा निघाला तर तू तिथल्या तिथे गोळी द्यायचीस. ती कबूल झाली. गोळ्यांची पट्टी मी खिशात घातली.

गाडीत मी भिंगरीला विचारलं, की गच्चीवरच्या टाकीतून चार नळ निघतात आणि तळमजल्यावर कुठेतरी पाणी झिरपतंय, तर कोणता नळ गळतोय हे भिंत न फोडता कसं ओळखशील? ती जरा विचार करून म्हणाली, प्रत्येक नळात वेगळा रंग सोडीन. शाबास, मी म्हटलं, आज आपण तेच करणार आहोत, फक्त रंगाऐवजी थापा सोडायच्या. छकुलीला हे आवडलं नाही, पण तिने हरकतही घेतली नाही. अंतर्यामी खरा असेल तर त्याला थापही कळेल, तुझीच फजिती होईल, एवढंच म्हणाली. यात तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं.

नव्या पार्कात स्वागत गाड्या लावायच्या मैदानापासूनच सुरू होतं. तिथला हसरा माणूस दार उघडतो, मनगटावर क्रमांकाचा कागदी बँड बांधतो आणि बांधता बांधता तुमच्याशी गोड बोलतो. आजोबा, नातीला घेऊन आलात वाटतं, मुलगा नाही आला? मी आयुष्यात लग्न केलेलं नाही. पण मी सुस्कारा टाकला आणि म्हणालो, मुलगा कुठला यायला, तो जहाजावर स्वयंपाकी, चार वर्षं झाली तोंड बघून. त्या माणसाला फार वाईट वाटलं. आम्ही थोडं पुढे गेल्यावर मी मागे वळून बघितलं, तर तो वॉकीटॉकीत बोलत होता.

आत ज्येष्ठांना चाकाची खुर्ची हवी का विचारायला एक मुलगी उभी होती. तिला मी खुर्ची नको म्हटलं आणि माझं सोन्याचं घड्याळ हरवल्याचं दुःख सांगितलं. असं घड्याळ माझ्याकडे कधीच नव्हतं. तिनेही हळहळत माझ्या बँडचा क्रमांक पाहिला. भिंगरीला मी बजावलं होतं, तू कुणाशी काही बोलायचं नाहीस. तिला ते फार जड गेलं.

मग गुहेच्या रांगेत, पासपोर्टवाले गृहस्थ साडूची पुढची हकीकत सांगत असताना, आम्ही मामाभाचीने बँड बदलले. माझा तिच्या हातात, तिचा माझ्या हातात.

गुहा म्हणजे पुठ्ठ्याचे खडक आणि यंत्राचं धुकं. पायऱ्यांवर शे-दोनशे माणसं श्वास रोखून बसलेली. मधोमध उंच आसनावर तो, डोळ्यांवरचा फडका कानांवरून घेऊन मागे गाठ मारलेला. समोर येणाऱ्याने तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा कडक नियम. दारातल्या सेवकाने भिंगरीचा बँड वाचून क्रमांक पुकारला आणि ती पुढे जाऊन उभी राहिली. तो बराच वेळ डोलला. त्याचं डोलणं म्हणजे वाट बघणं होतं, हे तेव्हा फक्त मला कळत होतं.

"तुझ्या मनात पाणी आहे," तो घुमला. "पाण्यात लाट आहे. लाटेवर जहाज आहे." पायऱ्यांवरून 'अहाहा' सुरू झालं. "त्या जहाजावर तुमचा मुलगा आहे, आजोबा."

'अहाहा' अर्ध्यातच थांबलं. भिंगरी दोन वेण्या घालून उभी होती.

"चार वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. शेकडो लोकांना जेवू घालतो, पण बापाला विसरला. शोक करू नका, आजोबा. आणि ते सोन्याचं घड्याळही मिळेल. गुडघ्यांना जपा."

पहिल्यांदा एक लहान पोर हसलं, मग त्याची आई, मग गुहाभर हसू पसरलं. अंतर्यामी थबकला. गळ्याखाली घाम दिसू लागला. पण माणूस पक्का होता. त्याने हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि म्हणाला, "हसू नका, मूढांनो. मी या बाळाच्या मागच्या जन्माविषयी बोलतोय."

आणि खरं सांगतो, दोन-तीन माना डोलल्या. पासपोर्टवाल्यांची त्यात होती.

तेवढ्यात भिंगरीने नियम मोडला. ती त्याच्या सगळ्यात जवळ उभी होती. मान तिरकी करून तिने कान दिला आणि लोकांकडे वळून म्हणाली, "यांच्या फडक्यातून कुणीतरी बोलतंय. 'मुलगी आहे, मुलगी आहे' म्हणतंय."

अंतर्यामीचा हात आपोआप कानाकडे गेला. मी उभा राहिलो आणि शिक्षकाच्या आवाजात सांगितलं, की जहाजावरचा मुलगा मागच्या जन्मातला नव्हे, तो आज सकाळी गाड्यांच्या मैदानात मीच जन्माला घातला. घड्याळ खुर्चीवाल्या मुलीच्या कानावर घातलं. दोन्ही थापा माझ्या बँडच्या क्रमांकाबरोबर वॉकीटॉकीवरून मागच्या खोलीत गेल्या, आणि तिथून फडक्याखालच्या यंत्रातून यांच्या कानात. बँड आम्ही बदलले, पण यांना काय दिसणार? पुढे काय बोललो ते कुणाला ऐकू आलं नाही, कारण संगीत एकदम मोठं झालं आणि धुकं इतकं सोडलं की आसनही दिसेना. धुकं विरलं तेव्हा आसन रिकामं होतं.

बाहेर आलो. मला वाटलं आता छकुली हात पुढे करील. पण ती एका बाकावर बसून राहिली.

"तुझ्याबाबतीत कळलं, दादा," ती म्हणाली. "पण मी तर कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मी कशी सांगेन? घरचं बाहेर बोलायचं नाही, हा तर माझा नियमच आहे."

 भिंगरी माझ्याजवळ बसली होती आणि तिची करंगळी थरथरत होती, का मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. माझ्या खिशात गोळी होती. आईची समजूत पटल्याशिवाय दिली तर उद्या परत बंद होणार. न द्यावी तर उद्यापर्यंत काय होईल, सांगता येत नव्हतं.

बाकासमोरच मोठ्या रोलर कोस्टरचं दार होतं. तिथली सेविका एका कुटुंबाला अडवून अतिशय गोड आवाजात विचारत होती, "तुमच्या सुरक्षिततेसाठी एकच प्रश्न. आपल्याला किंवा घरातल्या कुणाला हृदयाचा त्रास, चक्कर किंवा फिट येते का?" त्या घरातला माणूस आपल्या आईच्या हृदयाविषयी भरभरून सांगू लागला, आणि सेविकेची नजर त्याच्या मनगटाकडे गेली.

छकुली ताडकन उठली.

"हा प्रश्न माझा आहे," ती म्हणाली. "शब्दन् शब्द माझा. आमच्या पोरांना मी घोकून घेतलाय तो. फक्त घरातल्या कुणाला, हे यांनी घुसडलंय." मग ती परत बाकावर बसली. "गुरुवारी तिने मला हेच विचारलं. मी म्हटलं, मला नाही, मुलीला येते, पण ती आज घरी आहे."

दिवसातून शंभरदा जो प्रश्न आपण विचारतो, तो कुणी आपल्याला विचारला तर तो प्रश्न वाटतच नाही. गुड मॉर्निंगला गुड मॉर्निंग म्हणावं तसं तिने उत्तर दिलं होतं आणि विसरून गेली होती. इतकी वर्षं जपलेलं गुपित तिने स्वतःच्याच वाक्याला सांगितलं होतं.

तिने हात पुढे केला. मी गोळ्यांची पट्टी दिली. समोरच्या नळावरून पाणी आणून तिने भिंगरीला तिथेच गोळी दिली आणि घोट गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांना फोनही तिनेच केला. चुकलेल्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, आजपासून नेहमीसारखी सुरू करा, आणि आत्ता सरळ माझ्याकडे घेऊन या, असं ते म्हणाले. आम्ही गेलो. पुढचे दोन दिवस छकुली पोरीच्या उशापासून हलली नाही. भिंगरीला आकडी आली नाही. येऊ शकली असती, हे विसरू नका.

नव्या पार्काने गुहेच्या दारावर 'केवळ मनोरंजनासाठी' अशी पाटी लावली. ती वाचायला गुडघे टेकावे लागतात. मालकाने छकुलीला विचारलं, आपला अंतर्यामी कधी येतोय? तिने सांगितलं, येणार नाही. उलट तिने आपल्या पोरांना एक वाक्य जास्त शिकवलं. तब्येतीचा प्रश्न विचारून झाला, की पाहुण्याला सांगायचं, "हे राइडपुरतं विचारलं. इथून पुढे कुणाला कळणार नाही." यामुळे रांग हळू सरकते, अशी मालकाची तक्रार आहे. ती चालूच आहे.

तुमच्या मनातलं कुणी न विचारता ओळखलं, तर जरूर थक्क व्हा. थक्क होण्यात काही वाईट नाही. पण हात जोडण्याआधी खाली बसा आणि शांतपणे आठवा, की आज आपल्याला कुणीकुणी काय विचारलं आणि आपण काय बोललो. तपासून बघता येत असेल तर तपासा. खरं असेल ते तपासल्याने झिजत नाही. आणि औषध बंद करायला सांगणारा माणूस कितीही मनकवडा असो, त्याचं ऐकण्याआधी ज्याने औषध दिलं त्याला विचारा. मन ओळखणं वेगळं आणि आजार ओळखणं वेगळं. पहिल्याला एक यंत्र पुरतं. दुसऱ्याला अभ्यास लागतो.