डॉक्टर म्हणाल्या

तळलेल्या कोंबडीचं भांडं टेबलावर ठेवून वर्नाने पाहिलं, तर पाहुणी डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना पुटपुटत होती. लेकीची ही प्राध्यापिका, डॉक्टर ऑस्ट्रँडरबाई, नास्तिक निघणार, अशी वर्नाची खात्री होती. तसं असतं तर राग धरणं सोपं गेलं असतं.

नवरा गेल्यावर वर्नाने लेकीला, केझायाला, एकटीने वाढवलं. केंटकीतल्या त्या लहानशा गावात ती चर्चच्या रविवारच्या वर्गात मुलांना शिकवायची. घरामागच्या ओढ्यात शिंपल्यांचे ठसे असलेले दगड सापडत. ते नोहाच्या वेळच्या महापुराने आणून टाकले आणि पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, हे केझाया आईच्या मांडीवरच शिकली. पुढे तो वर्ग तिनेच चालवायचा, हे दोघींनी गृहीतच धरलं होतं. मग ती विद्यापीठात भूशास्त्र शिकायला गेली आणि फोनवर वाक्यावाक्याला 'डॉक्टर म्हणाल्या' सुरू झालं. आता अख्खा उन्हाळा ती त्यांच्याबरोबर मोंटानाच्या डोंगरांत खडकांचा अभ्यास करत काढणार होती. जाताना दोघी एका रात्रीपुरत्या इथे थांबल्या होत्या.

वर्नाला राहवलं नाही. "आमच्या ओढ्यातले दगड किती जुने म्हणायचे, तुमच्या हिशेबाने?"

"पंचेचाळीस कोटी वर्षं," डॉक्टर हलकेच म्हणाल्या.

"म्हणजे बायबल खोटं?"

"नाही हो. रोज वाचते मी. फक्त त्यात वर्षं शोधत नाही."

वर्नाने लेकीकडे पाहिलं. नाताळच्या सुट्टीत हिने याच टेबलावर आईशी तावातावाने वाद घातला होता. आज मात्र आजारी माणसाला वाढावेत तसे तिने आईच्या ताटात बटाटे वाढले. मग डॉक्टरांकडे बघून जराशी हसली. लहानपणी ओढ्यातून ओला दगड घेऊन पळत यायची, तेव्हाचं हसू होतं ते.

जेवणानंतर केझाया भांडी पुसायला आली.

"तुला त्या आवडल्या नाहीत ना?"

"आवडली. तीच तर पंचाईत आहे," वर्ना म्हणाली. "हल्ली तू हातसुद्धा तिच्यासारखे हलवतेस."

"आई, दगड उचलून बघायला मला तूच शिकवलंस गं."

"मग उत्तरं तिच्याकडे का मागतेस?"

केझाया पुसलेलं ताटच पुन्हा पुसत राहिली.

सकाळी दोघी निघाल्या. वर्नाने वाटेसाठी मक्याचा पाव बांधून दिला, लेकीच्या हातात.

रविवारी पाद्रींनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का. वर्ना उभी राहिली. प्रवासाला गेलेल्या केझायासाठी, म्हणाली. पाद्रींनी मान डोलावली, पण ती खाली बसली नाही. तिने पुढच्या बाकाची कड धरली. मग तिने आणखी एक नाव सांगितलं. सावकाश, पूर्ण, पदवीसकट.