पाणी दोघांपुरतं

ग्लेब आंतोनोविचने फळ्यावर एक लांबट पिंप काढलं आणि त्याच्या तोंडाला दुसरं पिंप जोडलं. पहिलं आपल्याकडे मॉस्कोत बांधलं, दुसरं अमेरिकेत, त्याने मुलांना सांगितलं. दोघांची गाठ पडली ती थेट वर, चारशे किलोमीटरवर. त्याआधी ती एकमेकांना कधी लावूनही पाहिली नव्हती.

"आणि बसली नसती तर?" फेद्याने विचारलं.

"म्हणून तर आधी वर्षानुवर्षं मापांवरून वाद घातले. ते मोजणार इंचात, आपण मिलिमीटरमध्ये."

मुलं हसली. शेवटच्या बाकावरची ताया हसली नाही. ती त्याची मुलगी. सकाळी तिने घसा दुखतो म्हणून सांगून पाहिलं होतं. आईने ऐकलं नव्हतं.

हा तास जानेवारीतच ठरला होता. इतके देश मिळून अंतराळस्थानक कसं बांधतात, हे निनेल बोरिसोव्हना बाईंना तिसरीच्या मुलांना सांगायचं होतं, आणि वसंतात तिथे राहायला जाणाऱ्या तिघांपैकी एक त्यांच्याच वर्गातल्या मुलीचा बाप होता. मग फेब्रुवारीत अमेरिकेचं यान परतीच्या वाटेवर आभाळातच विखुरलं. सात माणसं गेली. महिन्याभरात ग्लेबचं नावही यादीतून निघालं. तास रद्द करू का, असं बाईंनी फोनवर चाचरत विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, ठरलंय ना, मग येतो.

त्याने कॅनडाचा लांब यांत्रिक हात काढला. युरोपची एक आणि जपानची एक अशा दोन खोल्या तयार होत आल्या आहेत, पण त्यांना अजून जमिनीवरच थांबावं लागेल, असं सांगितलं. जड सामान नेणारी अमेरिकेची यानं आता उडणार नव्हती. पाणी नेईल ते फक्त आपलं छोटं मालवाहू यान, आणि ते पाणी तिघांना पुरणार नव्हतं.

"मग आपलेच दोघं पाठवा की," फेद्या म्हणाला. "यान आपलं आहे."

"यान आपलं, पण घर सोळा देशांचं. आपलं यान आहे म्हणून आपण आतून कडी लावून घ्यायची नाही. एक त्यांचा, एक आपला."

"म्हणजे वॉरनकाकांमुळे तुमचं राहिलं."

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. वॉरन, त्या तिघांतला अमेरिकन, समोरच्याच रस्त्यावर राहायचा. दोन वर्षं दर रविवारी तो तायाच्या घरी सूप प्यायचा, आणि त्याचे रशियन उच्चार ती सुधारायची. गेले तीन आठवडे त्याची बेल वाजली की ती न्हाणीघरात जाऊन बसत होती.

"वॉरनमुळे नाही," ग्लेब म्हणाला. खडू त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आपले आम्ही दोघं होतो, मी आणि मात्वेय. एकाने थांबायचं होतं. कुणी, ते आम्हालाच विचारलं. मात्वेय बोलेना. तो तिथे आधी राहून आलाय, काही बिघडलं तर त्याला चटकन कळेल. मग मीच म्हणालो, मी थांबतो."

घरी तो एवढंच म्हणाला होता, की नाव कमी झालं.

तायाने हात वर केला. बाईंनी मान हलवली, तशी ती उभी राहिली.

"ग्लेब आंतोनोविच," ती म्हणाली, वर्गात आलेल्या पाहुण्याला म्हणतात तशी. "तुम्हाला जायचं नव्हतं का?"

पोरं माना वळवून एकदा तिच्याकडे, एकदा फळ्याकडे बघू लागली. ग्लेबने खडू खाली ठेवायला जागा शोधली. फळ्याखाली समोरच असलेली खडूची खाच त्याला दिसली नाही.

"होतं," तो म्हणाला. "अकरा वर्षं."

ताया खाली बसली नाही. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"मग मला का नाही सांगितलंस, बाबा?"

निनेल बोरिसोव्हनांनी वर्गाला पुस्तकं उघडायला सांगितलं. कोणतं पान, ते सांगायचं त्या विसरल्या. कुणी विचारलंही नाही.