ड्रायव्हर सीमेवर उतरतो

आमच्या ह्यांनी उभा जन्म लोकांना धबधबा दाखवायला नेलं आणि स्वतः तो एकदाही पाहिला नाही. कुणाला यात गंमत वाटत असेल तर वाटो, मला संताप येतो. सहलीच्या बसचा नियमच तसा. सीमेपर्यंत गाडी आपला ड्रायव्हर चालवणार, तिथे तो उतरणार आणि तीच गाडी पलीकडचा ड्रायव्हर पुढे नेणार. आधी तटबंदीचं जुनं गाव, मग धबधबा. लोक परत येईपर्यंत आपल्या ड्रायव्हरने सीमेवरच्या ड्रायव्हरांच्या खोलीत पत्ते कुटत बसायचं. घरी कुणी कौतुकाने विचारलं, "कसा आहे हो धबधबा?" तर हे म्हणायचे, "ओला असतो. लोक बूट भिजवून येतात आणि गाडी मला पुसावी लागते."

हे निवृत्त झाल्यावर मी त्याच सहलीची दोन तिकिटं काढली. ह्यांनी नाक मुरडलं. "पाणी वरून खाली पडतं. त्यात काय बघायचंय?" मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना जेवायला वाढण्यात आयुष्य घालवलंय. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटात भाजी कशी वाढायची, हे मला कुणी शिकवायला नको.

सीमेपर्यंत हे शहाण्यासारखे माझ्याशेजारी बसले. प्रत्येक वळणाला ह्यांचा पाय ब्रेक समजून माझी चप्पल दाबत होता, तेवढं सोडलं तर काही तक्रार नाही. सीमेवर पासपोर्टवर शिक्के घ्यायला सगळे उतरलो. रांगेत उभी राहून मागे वळून बघते, तर हे गायब.

मला शोधावं लागलं नाही. तडक ड्रायव्हरांच्या खोलीत गेले. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, हातात चहा, समोर वाटून ठेवलेले पत्ते.

"अहो!"

"अगं, पाय आपोआप वळले," हे दचकून म्हणाले. खोलीतले सगळे हसले, मीही हसले. पण हे काही उठेनात.

तेवढ्यात माझ्यामागे आमची गाइड येऊन उभी राहिली. तरुण मुलगी, हातात पिवळी छत्री, चेहऱ्यावर घाई. "काकू, रांग पुढे सरकली. काकांना इथेच बरं वाटत असेल तर राहू द्या ना. मी यादीतून त्यांचं नाव काढते, परत येताना इथूनच घेऊ त्यांना."

"वहिनी, तुम्ही या जाऊन," ह्यांचा एक जुना सोबती म्हणाला. "ह्याला कुठे असली हौस!"

"तू जा," हेही म्हणाले. "मी इथेच बरा."

"यादीला हात लावू नकोस," मी गाइडला सांगितलं. "बाकीच्यांना घेऊन हो पुढे, आम्ही आलोच." आणि खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले. "आता खरं काय ते सांगा."

ह्यांनी आवाज खाली आणला. "इतकी वर्षं मी त्याला नावं ठेवली. म्हणून तर इथे बसून राहणं जमलं मला. आता जाऊन बघितला आणि आवडला, तर काय करू?"

 मी रडले असते तर ह्यांना इथे राहायला आयतं कारण मिळालं असतं. "तर चिडा, रडा, माझ्या नावाने बोटं मोडा. पण बघून मोडा. इथे बसून घाबरू देणार नाही मी तुम्हाला." ह्यांच्या हातातला कप घेतला आणि उरलेला चहा मीच पिऊन टाकला. "आणि भावजी, ह्यांचे पत्ते उचला. हा डाव ह्यांच्याशिवाय खेळा."

हे उठले.

तटबंदीच्या गावात गाइडने कुठला तरी राजा घोड्यावरून ज्या वेशीतून आत आला ती दाखवली. ह्यांनी वेस वरखाली पाहिली आणि म्हणाले, "मिनीबस निघेल. मोठी अडकेल." घड्याळाचा मनोरा, जुना बाजार, दगडी विहीर, सगळीकडे हे मान डोलवत फिरले. लक्ष मात्र गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे होतं.

धबधब्यापाशी उतरल्यावर गाइडने छत्री उंच केली. "सीमेवर जरा उशीर झाला," ती आमच्याकडे बघत म्हणाली, "म्हणून आज खाली जायचं नाही. कठड्यावरून फोटो काढा आणि लगेच गाडीत बसा."

कठड्यावरून झाडांमागे एक पांढरी पट्टी दिसत होती. बाकी नुसता आवाज. लोकांनी फोटो काढले आणि माघारी वळले. मी भांडायला पदर खोचतच होते, तोवर हे साखळी ओलांडून पायऱ्या उतरायला लागलेसुद्धा. आयुष्यात कधी गाडी उशिरा न सोडणारा माणूस! गुडघ्यांना शिव्या घालत मीही मागोमाग निघाले.

खाली तो आवाज छातीत घुमत होता. पाणी येतच होतं, येतच होतं. हे उभे राहिले. चष्मा भिजला, तो पुसलाही नाही. मला वाटलं, आता हसतील. पण ह्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

"एवढा होता हा!" हे ओरडले. "एवढा! आणि एकालाही वाटलं नाही, की ड्रायव्हरला एकदा घेऊन जाऊ. मलाही वाटलं नाही गं!"

"चिडा!" मी ओरडले. "चांगले चिडा!"

वर हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांबलचक. मी दचकून वळले.

"पहिला बोलावण्याचा, दुसरा रागाचा," हे म्हणाले. "तिसरा वाजवला तरी ड्रायव्हर जाणार नाही. जितकी डोकी सीमेपार आणली, तितकीच परत न्यावी लागतात."

गाइड धापा टाकत खाली आली. "काका, चला ना! अख्खी बस तुमच्यासाठी खोळंबलीय."

हे तिच्याकडे वळले. "पोरी, अख्ख्या बससाठी मी दर रविवारी खोळंबलोय. माझं कुणी येऊन सांगितलं का लोकांना, की चला, ड्रायव्हर ताटकळलाय? आज बसू दे त्यांना. खोळंबून कुणी मरत नाही. मी मेलो का?"

 वर तिसरा हॉर्न वाजला. ह्यांनी माझा हात धरला आणि आम्ही आणखी खाली उतरलो.