रिदाचा लाल हेडगार्ड

मित्रांनो, नाशिकरोडच्या आमच्या बॉक्सिंग हॉलमध्ये कधी सरावाच्या वेळी आलात, तर रिंगशेजारच्या खिळ्याला एक लाल हेडगार्ड टांगलेला दिसेल. डाव्या गालावर काळं ठिगळ असलेला. तो मी. मुष्टियुद्ध खेळताना कपाळ, कान आणि गाल झाकायला डोक्यात घालतात ना, तोच. वयाने जुना आणि वासाने त्याहून जुना. नाक मुरडू नका, तो वास मी कष्टाने कमावलेला आहे.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून चामडं, आतून स्पंज आणि हनुवटीखाली पट्टा. खोक्यात कोंबून मला नाशिकला पाठवलं. इथे जयराम सरांनी मला बाहेर काढलं आणि समोर उभ्या असलेल्या एका काटकुळ्या मुलीच्या डोक्यात घातलं. ती रिदा. मी थेट तिच्या डोळ्यांवर घसरलो.

"सर, मला काहीच दिसत नाहीये," ती म्हणाली.

"पट्टा आवळ. डोकं वाढेल हळूहळू," सर म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून मी तिचा झालो.

रिदाचे अब्बा कादरभाई नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रिक्षांच्या सीटा शिवतात. माझा डावा गाल फाटला, तेव्हा त्यांनी सीटचं काळं रेक्झिन लावून तो असा शिवला, की कारखानदाराने तोंडात बोट घालावं. अम्मी म्हणजे सुरय्याबी. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नसे. पण रिदा सरावाहून आली, की त्या आधी मला हातात घेत. ओल्या फडक्याने पुसत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत आणि गॅलरीत सावलीला ठेवत. उन्हात चामडं तडकतं, हे कादरभाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

ती वर्षं माझी भरभराटीची. आधी जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा. हौशी स्पर्धेत मुलींना माझ्याशिवाय रिंगमध्ये पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे माझा रुबाब विचारू नका. तरी टाळ्या पडायच्या त्या ग्लोव्हजनाच. रिदाला राष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक मिळालं, पेपरात फोटो आला, त्यात मी तिच्या काखेत होतो. तोही अर्धाच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग रिदाने व्यावसायिक बॉक्सर व्हायचं ठरवलं. परवाना मिळाला, पुण्यात पहिली लढत ठरली. घरात शिरखुर्मा झाला. त्याच संध्याकाळी सुरय्याबी मला पुसता पुसता म्हणाल्या, "पुण्याला जाताना याला नवीन पट्टा लावून घे."

"अम्मी, हा नाही न्यायचा. प्रोफेशनलमध्ये हेडगार्ड नसतो."

"म्हणजे? मग डोक्याला काय?"

"काही नाही."

सुरय्याबींचा हात थांबला. त्यांनी कादरभाईंकडे पाहिलं, कादरभाईंनी सुईकडे. मला रीतसर कपाटावर ठेवण्यात आलं, शिलाई मशीनच्या जुन्या झाकणाशेजारी.

तिथे मी धूळ खात होतो. लढत तोंडावर आली होती, आणि एका दुपारी रिदा भुवईला पट्टी बांधून घरी आली. मागे जयराम सर, आणि त्यांच्यामागे रडवेली संजना, तिची सरावातली जोडीदार. सर लग्नाला निफाडला गेले होते, तेवढ्यात या दोघी हेडगार्ड न घालता सरावाला उतरल्या. डोक्याला डोकं लागलं. भुवई फाटली, टाके पडले, डॉक्टरांनी लढतीला साफ नकार दिला. पुण्याला तिच्या जागी दुसरी मुलगी खेळणार होती.

"हेडगार्ड कुठाय?" सरांनी विचारलं. सुरय्याबींनी कपाटाकडे बोट केलं.

रिदा मान खाली घालून म्हणाली, "सर, तिथं जे नसणार, त्याची सवय इथं कशाला, असं वाटलं."

"अगं, तिथं नसतो म्हणूनच इथं घालायचा! लढतीतला मार लढतीत खा. सरावात कशाला खातेस?"

इतकी वर्षं ठोसे खाऊन मला जे सांगता आलं नव्हतं, ते सरांनी सांगून टाकलं. पण मला आनंद झाला नाही. रिदा रडत होती आणि मी तिच्या काहीच उपयोगाला आलो नव्हतो.

कादरभाईंनी मला खाली उतरवलं, कुजलेला स्पंज काढून नवा भरला. जखम भरल्यावर रिदा मला रोज डोक्यात घालून सराव करू लागली. भुवईवर ठोसा आला, की तो आधी माझ्या अंगावर यायचा. सगळाच मार मला अडवता येतो असं नाही, पण भुवई मी फाटू दिली नाही. अखेर पुण्याचं बोलावणं पुन्हा आलं.

निघताना सुरय्याबींनी मला पिशवीत टाकलं.

"अम्मी, तिथं हा लागणार नाही," रिदा म्हणाली.

"तुला नाही लागणार. मला लागेल."

पुण्याच्या हॉलमध्ये मी सुरय्याबींच्या मांडीवर होतो. रिदा रिंगमध्ये उतरली, कपाळ उघडं, कान उघडे. ठोसा तिच्याकडे आला, की सुरय्याबींचे अंगठे माझ्या कपाळात रुतायचे. शेवटच्या फेरीत एक ठोसा थेट जुन्या जखमेवर बसला. सुरय्याबींनी डोळे मिटून मला असं दाबलं, की माझी शिवण करकरली. जखम उघडली नाही. पंचांनी रिदाचा हात वर केला.

लोक फोटो काढत होते. सुरय्याबी गर्दीतून पुढे गेल्या आणि त्यांनी लेकीचं कपाळ चाचपलं, मग दोन्ही कान, मग गाल. मी जिथे जिथे असतो, तिथे तिथे त्यांचे हात फिरले.

घरी आल्यावर कादरभाईंनी मला दिव्याखाली धरलं. कपाळावर दोन खोल खळगे पडले होते. "हे कुणाच्या ठोशाचे?" त्यांनी विचारलं. सुरय्याबी फडकं ओलं करायला गेल्या.

मित्रांनो, म्हणून सांगतो, टाळ्या वाजवायला कुणी नसतं, त्या सरावाच्या दिवशीही मला डोक्यात घाला. वापरून झालं की सावलीत वाळवा, कपाटावर फेकू नका. आणि लढतीहून घरी आलात, की त्या दिवशी तरी मला स्वतः पुसा. आईचे अंगठे दुखत असतात.