ओस्मोनकुलच्या रक्ताचा थेंब

मी नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावच्या दवाखान्यातला मायक्रोस्कोप बोलतोय. शाळेत तुम्हाला माझं नाव सूक्ष्मदर्शक असं शिकवलं असेल. इथे मला सगळे 'काळा डोळा' म्हणतात, आणि मलाही तेच आवडतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या कारखान्यात झाला. तिथल्या बाया दिवसभर काचा घासत बसायच्या. बोलायच्या कमी, घासायच्या जास्त. त्यांनी माझी भिंगं अशी घडवली की केस पाहावा तर दोरखंड दिसावा. पायाशी एक गोल आरसा बसवला, अंगाला काळा रंग दिला आणि लाकडी पेटीत घालून मला पाठवून दिलं. आगगाडी, मग ट्रक, मग बर्फाचा घाट. पेटी उघडली तेव्हा समोर डोंगर होते.

पुढे देश मोडला. पगार थांबले. मला हाताळणारी बाई आपल्या माणसांकडे निघून गेली आणि मी कपाटात गेलो. किती हिवाळे गेले, सांगता येणार नाही. अंधारात डोळ्याला काही काम नसतं.

मला बाहेर काढलं असिलकाननं. ती या गावात सून म्हणून आली होती आणि लग्नाआधी शहरात रक्त तपासायचं शिकली होती. नवरा रशियात बांधकामावर, घरी सासू-सासरे. तिनं मला मऊ कापडानं पुसलं, खिडकीशी ठेवलं, आरसा उन्हाकडे वळवला. ऊन माझ्या पोटात शिरलं तेव्हा मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं. मग तिनं स्वतःच्याच बोटाला टोचून एक थेंब माझ्याखाली धरला.

त्या एका थेंबात काय असतं म्हणून सांगू! लाखो गोल, गुलाबी चकत्या एकमेकींना खेटून असतात. मध्येच एखादी मोठी पांढरी पेशी, जांभळा डाग पोटात घेऊन राखणदारासारखी उभी. माणूस भांडत असतो, झोपलेला असतो, चहा पीत असतो, आणि हे सगळं त्याच्या आत न थकता चाललेलं असतं. मी असे कितीतरी थेंब पाहिले. एकदाही सवय झाली नाही.

असिलकान काम करताना माझ्याशी बोलायची. तिच्या बोलण्यातूनच मला तिच्या सासऱ्याची, ओस्मोनकुलची, ओळख झाली. भरधाव घोड्यावरून बोकडाचं धूड हिसकावण्याच्या खेळात आसपासच्या गावांत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. मेंढरांवर चालून आलेल्या लांडग्याला त्यानं नुसत्या चाबकानं पिटाळलं होतं. पण त्या शरद ऋतूत, उन्हाळी कुरणांवरून मेंढरं खाली आणल्यावर, तो वाळत चालला होता. ओठ पांढुरके. घोड्यावर चढायचं तर आधी खोगिराला डोकं टेकून दम खायचा. आणि एका खेळात, कुणी धक्काही दिला नसताना, तो घोड्यावरून खाली पडला.

"दवाखान्यात चला म्हटलं तर उठून गोठ्यात जातात," असिलकान माझी काच पुसत म्हणाली. "आता मी तरी काय करू?"

एका रविवारी डॉक्टरांची परवानगी घेऊन तिनं मला पेटीत घातलं आणि घरी नेलं. अंगणात ऊन चांगलं होतं. तिनं मला टेबलावर मांडलं. ओस्मोनकुल ओट्यावर बसून लगाम शिवत होता. पहिल्यांदाच मी त्याला पाहिलं. खांदे रुंद, पण चेहरा मेणासारखा.

"हे काय आणलंस, पोरी?"

"काळा डोळा आहे, अता," ती मान खाली घालून म्हणाली. अता म्हणजे वडील. सासऱ्यालाही तेच म्हणायचं.

"मला टोचायला आणलं असशील तर परत ने."

"कुणी टोचत नाही तुम्हाला!" सासू झूरा आतून ओरडली. "लांडग्यापुढे उभे राहिलात आणि एवढ्याशा सुईपुढे शेपूट घालताय. गावात सांगू का?"

"लांडगा समोरून येतो, झूरा. तो काय करणार ते मला ठाऊक असतं." त्यानं सुई लगामात खुपसली. "आईला दवाखान्याच्या लोकांनी खाली शहरात नेलं. आधी रक्त घेतलं. मी घोडा धरून फाटकाशी उभा होतो. त्यांनी तिला बाहेर आणलं ती लोकरीच्या नमद्यात गुंडाळून. ते रक्तात काहीतरी बघतात, आणि मग माणूस घरी येत नाही."

झूरानं हातातली किटली खाली ठेवली. तिनं ही गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ऐकली असावी, असं तिच्या तोंडावरून वाटलं.

असिलकाननं वाद घातला नाही. तिनं स्वतःच्या बोटाला टोचलं, थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला. मग झूरानं पुढे होऊन आपलं बोट दिलं. "घे माझंही. कडू निघेल बघ," ती म्हणाली, आणि सासू-सुना हसल्या. दोघी आळीपाळीनं माझ्यावर वाकून पाहू लागल्या. "अगं बाई! हे सगळं माझ्यात आहे?" झूरा पुन्हा पुन्हा विचारत होती.

लगाम शिवायचा थांबला होता. थोड्या वेळानं ओस्मोनकुल उठला, टोपी मागे सरकवली आणि एक डोळा मिटून माझ्यात पाहिलं.

त्याचा श्वास माझ्या काचेवर लागत होता. तो श्वास थांबला.

"हे... हलत नाहीत?"

"काचेवर थांबलेत. आत असताना धावतात, अता. झोपेतसुद्धा."

"कुणी हाकायचं मग त्यांना?"

"हृदय हाकतं."

तो बराच वेळ वाकलेला राहिला. उठला तो थेट घोड्याला पाणी पाजायला गेला. असिलकाननं मला पेटीत ठेवलं. तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात टापा वाजल्या. ओस्मोनकुल एकटाच आला होता, सणाची टोपी घालून. आत आला, बाकावर बसला, लगेच उठला. "घोडा नीट बांधला नाही वाटतं." बाहेर जाऊन आला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. "खोगीर घसरलं असेल." परत आल्यावर मात्र त्यानं हात थेट टेबलावर टाकला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. असिलकाननं तो हात धरला आणि बोटाला टोचलं.

"झालं, अता."

"एवढंच?"

तिनं थेंब काचेवर पसरून, वाळवून रंगवला, तेवढ्यात डॉक्टर आत आले. "ही काच कुणाची?"

असिलकान गोरीमोरी झाली. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव उच्चारत नाही. "आमच्या घरातल्या... मोठ्यांची," ती पुटपुटली.

"ओस्मोनकुलची!" म्हातारा इतक्या मोठ्यानं गरजला की बाहेर घोडा फुरफुरला. "माझं रक्त आहे ते. आणि आधी मी बघणार."

त्यानं पाहिलं. मीही पाहत होतो. चकत्या विरळ होत्या, लहान होत्या, मधून इतक्या फिकट की नुसत्या कडा उरल्यासारख्या. काल पाहिलेलं त्याच्या डोळ्यासमोर होतंच. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

"उपाशी आहेत बिचारे," तो हळूच म्हणाला. "आणि तरीही मला इथवर घेऊन आले."

मी इतकी वर्षं रक्त पाहतोय; असं कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

पोटातल्या एका जखमेतून रक्त आतल्या आत झिरपत होतं. डॉक्टरांनी त्याला शहरात पाठवलं. झूरा सोबत गेली, आणि त्या दिवसांत असिलकान माझ्यासमोर बसून नुसतीच खिडकीबाहेर पाहायची. मला बोलता येत असतं तर तिला धीर दिला असता. बर्फ वितळायला लागलं तेव्हा तो परतला. ओठांना रंग होता. स्वतःच बोट पुढे करून म्हणाला, "टोच, पोरी. बघू दे कसे आहेत." गुलाबी चकत्या खेटून बसलेल्या पाहून तो लहान मुलासारखा हसला. मग कुरणांवरच्या तिघा-चौघा दणकट दोस्तांना दंडाला धरून घेऊन आला. ते दारात अडखळले की तो आधी त्यांना माझ्यात पाहायला लावायचा.

आता दवाखान्यात नवं यंत्र आलंय. ते आकडे छापून देतं आणि माझ्यापेक्षा चटकन देतं. माझा एक स्क्रू सैल झालाय, आरशाची कड उडालीय. मी खिडकीशी बसून असतो, आणि कुणी फार घाबरलेलं आलं की असिलकान माझ्यावरचं कापड काढते.

तुमच्या आत काय चाललंय ते मी पाहिलंय, म्हणून हात जोडल्यासारखं एकच सांगतो. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाहीत ते लाखो जण तुमच्यासाठी धावताहेत. वर्षातून एकदा त्यांची विचारपूस करा. भीती वाटली तर वाटू द्या. घाबरत घाबरत या, पण या.