टेकडीवरचे पेंगणारे दिवे

ऑर्व्हिल नॅप न्हाव्यांच्या खुर्च्या विकायचा. खुर्च्या विकणाऱ्याला गाडीत टेलिफोन कशाला हवा, हे सेंट लुईसमध्ये कोणालाच कळलं नव्हतं. ऑर्व्हिललाही नाही. पण दुसरं महायुद्ध संपल्यावर ही सोय नवी निघाली आणि त्याने घेऊन टाकली. डिकीभर यंत्र, डॅशबोर्डखाली रिसीव्हर. बोलायचं बटण दाबलं की यंत्र इतकी वीज ओढायचं, की गाडीचे पुढचे दिवे पेंगायला लागायचे.

अख्ख्या शहरातल्या गाड्यांना मिळून लाइनी मोजक्याच. रिसीव्हर उचलल्यावर दुसरं कोणी बोलत असेल, तर सभ्य माणसाने तो गुपचूप खाली ठेवायचा. ऑर्व्हिल गुपचूप कानाला लावून ठेवायचा.

रोज संध्याकाळी तो पार्कातल्या टेकडीवर गाडी लावायचा. तिथे आवाज स्वच्छ यायचा. आणखीही काही गाड्या तिथे उभ्या असायच्या. सूर्यास्त बघायला येत असतील, असं तो धरून चालला होता. आता सगळ्यांची तोंडं पूर्वेला असायची, ते सोडा.

मध्येच बायकोचा, व्हर्नाचा, फोन आला की "पुलावर अडकलोय गं" म्हणायचं आणि पुन्हा डीट्झ नवरा-बायकोचं भांडण ऐकायचं.

हर्मन डीट्झ गिलाव्याचा कंत्राटदार, त्याच्याही ट्रकात असाच फोन. चर्चच्या जेवणात सासूबाईंच्या बटाट्याच्या सॅलडची तारीफ करताना तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "याने भिंत लिंपली तर शंभर वर्षं हलणार नाही." मनापासून म्हणाला होता. बायको, लिओना, तडक नदीपलीकडे बहिणीकडे निघून गेली. ऑर्व्हिलने दोघांना कधी पाहिलंही नव्हतं, पण ती परत यावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"हर्मन, मला एकच शब्द ऐकायचाय," त्या संध्याकाळी लिओना म्हणाली. "नाहीतर मी फोन ठेवते. परत करू नकोस."

हर्मन नुसता खाकरला.

"ठेवते मग."

ऑर्व्हिलचा अंगठा त्याला न विचारताच हलला. "अरे, चुकलो म्हण ना बाबा!"

त्याचे दिवे पेंगले.

"हर्मन, गाडीत कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही."

"म्हणून टाका हो, मिस्टर डीट्झ." हा तिसराच आवाज. समोरच्या शववाहिकेचे दिवे मंदावले. "त्या खरंच ठेवतील. मंगळवारी ठेवलाच होता."

"मंगळवारी नाही, सोमवारी." पाववाल्याची गाडी पेंगली.

"हा फोन आहे का बाजार?" लिओना कडाडली. "किती जण ऐकतायत रे?"

"सगळेच," हर्मन म्हणाला. "मीपण त्यांचं ऐकतो."

ऑर्व्हिलचे कान तापले.

"सॅलडचं लोकांसमोर बोललास ना?" लिओना म्हणाली. "मग हेही लोकांसमोरच बोल."

खाली झाडांजवळ एका ट्रकचे दिवे मंद झाले आणि बराच वेळ तसेच राहिले. "चुकलो, लिओना. तू नाहीस तर घरात... चुकलो मी." हर्मन रडत होता. न्हाणीघराचं दार चुकून उघडावं, आणि ते लावताही येऊ नये, तसं ऑर्व्हिलला झालं. इतके दिवस ज्यासाठी तो थांबला होता, ते आता त्याला ऐकवेना.

"उद्या येते," लिओना हळू आवाजात म्हणाली. "आणि तो पहिला आगाऊ कोण होता?"

"खुर्चीवाला," हर्मन म्हणाला. "रोज पुलावर अडकतो ना, तो."

फोन बंद झाला. ऑर्व्हिलने रिसीव्हर ठेवला आणि गाडी सुरू करणार, तेवढ्यात घंटी वाजली. "मिस्टर नॅप, घरून फोन आहे," ऑपरेटर बाई म्हणाली. तीसुद्धा हसू दाबत होती.

"कुठे आहेस, ऑर्व्हिल?" व्हर्नाने विचारलं. "जेवण गार होतंय."

त्याने समोर पाहिलं. एकही गाडी हललेली नव्हती.

"पु..." तो म्हणाला. मग घाम पुसला. "टेकडीवर आहे, व्हर्ना. रोज इथेच असतो. लोकांचे फोन ऐकत."

त्याने बटण सोडलं. दिवे पुन्हा लख्ख झाले.

व्हर्ना आता काय म्हणते ते ऐकायचं सोडून टेकडीवर एकानेही रिसीव्हर खाली ठेवला नसणार, याची त्याला खात्री होती. त्यानेही ठेवला नसता.