नाटक आत, खुर्च्या बाहेर

पुस्तकं बांधण्यात काकीचं आयुष्य गेलं, पण बांधलेलं पुस्तक वाचायला म्हणून तिने कधी उघडलं नव्हतं. शाळेशी तिचं फारसं जमलं नाही. अक्षराला अक्षर जोडत वाचता येई, तेवढंच. "आपलं काम कण्यापाशी," ती म्हणायची, "पोटात काय आहे ते लिहिणाऱ्याने बघावं."

पण आजचं पुस्तक घरचं होतं. सुनेचं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या सुनेला काकीने इतकी वर्षं रंगारीण म्हणून हिणवलं, आणि तिने बसून पुस्तक लिहिलं. नाटकघर आतून कसं असतं, कसं चालतं, हे कधी त्याची पायरीही न चढलेल्या माणसांना कळेल अशा भाषेत. संध्याकाळी त्याचा समारंभ होता. हे पुस्तक नीट पार पडलं तर पुढचं, इमारती कशा पाहाव्यात हे सांगणारं, प्रकाशक तिलाच देणार होता. प्रती न्यायला तो दुपारी यायचा होता. प्रती टेबलावर रचून तयार होत्या, कणे सगळे एका रेषेत.

बाइंडिंगखान्यात कोणी नाही असं बघून काकीने वरची प्रत घेतली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं.

'शेवटचं चित्र बाहेर ओढून उघडं ठेवा. वाचताना ते सतत डोळ्यांपुढे हवं. मी जो आकडा सांगेन तो त्यात शोधा.'

"हुकूम सोडतेय," काकी पुटपुटली. पण चित्र ओढलं. कलिंगड मधोमध चिरावं तसं अख्खं नाटकघर चिरून दाखवलं होतं. डावीकडे रंगमंच, त्याच्या पोटातलं तळघर, वर पडद्यांचे दोर. उजवीकडे चढत गेलेल्या खुर्च्यांच्या रांगा. हात बरा आहे हिचा, हे काकीला मनातल्या मनात का होईना, मान्य करावं लागलं. मग ती परत पहिल्या पानावर आली.

रंगमंच पानांच्या गठ्ठ्याखाली गडप झाला होता. बाहेर डोकावत होत्या नुसत्या खुर्च्या.

छापखान्यातून चित्र आलं तेव्हा त्याच्या डावीकडे पानभर कोरा कागद होता. सून म्हणाली होती, "आई, हे कोरं राहू द्या हं." आणि ती पडदे रंगवायला गेल्यावर काकीने कटिंग मशीनचा दांडा ओढून तो भाग उडवला होता. कोऱ्या कागदाच्या घड्या घालून पुस्तक फुगवायचं म्हणजे काय, असं तिला वाटलं होतं. तो कागद पुस्तकाच्या आत राहणार आणि चित्र सगळंच्या सगळं बाहेर पडणार, ही त्यातली गोम आत्ता कळत होती.

अजून कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. समारंभात कोणी वाचत बसणार नाही. पण उद्या लोक घरी वाचायला बसतील, आकडे शोधतील, आणि म्हणतील, या बाईला समजावता येत नाही.

तेवढ्यात सूनच आत आली. कोपरापर्यंत रंग, चेहरा उजळलेला. "झाली, आई?"

काकीने प्रत पुढे केली आणि खिडकीकडे पाहत राहिली. घडी उलगडल्याचा आवाज आला. पान उलटलं. मग घडी परत मिटल्याचा आवाज आला.

"बांधणी सुबक झालीय," सून शेवटी म्हणाली.

"खोटं बोलायचं तर आवाज तरी सरळ ठेव."

"आता बोलून काय होणार? प्रकाशक येतीलच एवढ्यात."

"येऊ देत. कपाटाखालचा गठ्ठा काढ."

गठ्ठ्यात चित्रापासून कापलेले तेच कोरे कागद होते. काकी कपटासुद्धा टाकत नसे. पुढेमागे चिठ्ठ्या करायला म्हणून तिने ते ठेवले होते. चित्राला कण्यापाशी बोटभर मोकळी कड, कोर, होती. काकी तिथे चाकू चालवायची. हात जरा ढळला की रंगमंचाची भिंत गेली. सून मध्ये कोरा कागद जोडायची.

"खळ किती थापतेस? पडदा नाही लिंपायचा."

"पडदा असता तर एव्हाना झाला असता."

उत्तर काकीला आवडलं. तसं दाखवायला तिला सवड नव्हती. चार प्रती होईतो मान धरली, आणखी काही होतात तोच दारात गाडी थांबली.

प्रकाशकाने जोडलेलीच प्रत उचलली. त्याचा अंगठा जोडावर अडला. "हे ठिगळ कसलं?"

"माझी चूक," सून म्हणाली. "कोरा भाग ठेवायचा, हे सांगायचं राहिलं माझ्याकडून."

"अहो, त्या एका चित्रावर तर पुस्तक उभं आहे. तुम्हीच मला तासभर पटवत होतात. तेच विसरलात? इमारतींच्या पुस्तकात जागोजागी नकाशे येणार. मला जरा विचार करावा लागेल."

सून मान खाली घालून खळ लावत राहिली.

काकी नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. काकीच्या बांधणीत खोट नाही, असं सगळे छापखाने म्हणत. ते तसंच म्हणत राहिले असते. तिने चाकू खाली ठेवला.

"काय हो, या खान्यात कटिंग मशीनच्या दांड्याला हात कोण लावतं?"

"तुम्ही. दुसऱ्या कोणाला लावू देता का?"

"मग ही कुठून कापणार? तिने सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि कापलं. माझ्या खान्यातली चूक दुसऱ्याच्या नावावर जायला मी अजून म्हातारी झाले नाही."

प्रकाशक जरा वेळ जोडावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने जोडलेल्या प्रती उचलल्या. "समारंभाला एवढ्यात भागवतो. बाकीच्या उद्या द्या. इमारतींचं पुस्तक बाईंचंच राहील. बांधणीचं मात्र बघावं लागेल, काकी."

"बघा की. जिथे द्याल तिथे सांगून ठेवा, कोरा कागद कापू नका म्हणून. शहाणी माणसंच कापतात."

गाडी गेली. सून म्हणाली, "आई, तुम्ही कशाला..."

"जा, तोंड धू. कानाला खळ लागलीय. लोक आज तुझं तोंड बघणार आहेत."

सून गेली. काकीने पुढची प्रत ओढली, मशीनच्या दांड्याकडे पाठ केली आणि चाकू कोरेवर टेकवला.